आक्काची मांडी

८ जानेवारी
नोकरीचा पहिला दिवस आणि डायरीचाही. सांगलीहून सकाळच्या एसटीनं तासगाव. स्टँडवर केरबा मोटारसायकल घेऊन उभे होते. माझी बॅग त्यांनी टाकीवर आडवी ठेवली आणि माळापर्यंत प्रत्येक द्राक्षबागेचा मालक कोण, त्याचं माकडांशी वैर किती, ते सांगत आले. बागांत पकडलेली माकडं जिवानिशी जाऊ नयेत म्हणून सुभेदार वीरधवल यांनी फौजेतून परतल्यावर माळावर हे आश्रयघर काढलं. तारेचे उंच पिंजरे, मध्ये चिंच, पलीकडे केरबा आणि त्यांची बायको अंबूबाई यांचं घर, अलीकडे माझी खोली. खोलीच्या खिडकीलाही जाळी आहे. म्हणजे पिंजऱ्यात कोण आहे, ते माकडांनी ठरवायचं.

अंबूबाईंनी गरम भाकरी आणि खर्डा वाढला. आईला फोन करून सांगितलं, तुझी दीक्षा आता जनावरांची डॉक्टर झाली, खरीखुरी, पगारी.

११ जानेवारी
आज आक्काशी नीट ओळख झाली. थोराड माकडीण, एक कान फाटका, अंगावर तेल लावल्यासारखी तुकतुकी. आई मेलेलं पिल्लू आलं की केरबा ते सरळ तिच्या मांडीवर सोडतात. ती हुंगते, उराशी घेते, उवा वेचायला लागते. पिल्लं तिच्या ओठांतून घास काढून खातात. सगळ्यात लहान गुंडा तर तिच्या तोंडात बोट घालून काय उरलंय ते तपासतो.

सुभेदार म्हणाले, "डॉक्टर, ही आमची मेट्रन. इतकी वर्षं झाली, एक दिवस सिक रिपोर्ट न्हाई."

रविवारी लोक मुलांना घेऊन बघायला येतात. सगळे आक्काचेच फोटो काढतात. मीही काढला.

२० जानेवारी
गुंडाला हगवण. औषधानं दोन दिवस थांबते, पुन्हा सुरू. कोपरावर तारेचा साधा ओरखडा होता, तो भरायचं नाव घेत नाही. शेजारच्या पिंजऱ्यातली दोघं अशीच वाळलेली. मी जंत, खाणं, पाणी, सगळं तपासलं. पाणी चांगलं आहे. खाणं आमच्यापेक्षा बरं आहे.

केरबांना विचारलं, तर ते सहज म्हणाले, "म्याडम, हितं असंच हुतंय. पिल्लू येतंय, बाळसं धरतंय, आन मग वाळत जातंय. हवा सोसत न्हाई म्हनायचं."

मग त्यांनी मला मागची जास्वंदीची रांग दाखवली. प्रत्येक झाडाखाली एक पिल्लू पुरलंय. मला वाटलं होतं, अंबूबाईंना फुलांची हौस आहे. झाडं फार छान वाढली आहेत.

२८ जानेवारी
गुंडाच्या हिरड्या सडल्या. सकाळी गालाला भोक दिसलं, आतले दात दिसत होते. तो मात्र शांत बसून होता. आक्का त्याचा गाल चाटून साफ करत होती.

हवेनं असं होत नाही. सगळ्यांचं रक्त काढलं. बाकीच्यांना जाळीत पकडावं लागलं. आक्कानं स्वतःहून हात पुढं केला आणि मी सुई टोचत असताना माझ्या मनगटावरचे केस निरखत राहिली. नमुने पुण्याला पाठवले. मनात एकच नाव आहे. माकडांमध्ये आढळणारा एक रेट्रोव्हायरस. तो स्वतः कुणाला मारत नाही. शरीराची राखण करणाऱ्या पेशी तेवढ्या निकामी करतो, आणि दार उघडं ठेवून देतो. मग साधी हगवण, साधा ओरखडा, कुणीही येऊन मारावं.

गुंडा संध्याकाळी गेला. केरबांनी जास्वंदीची फांदी आणली.

९ फेब्रुवारी
पुण्याचा रिपोर्ट आला. जवळजवळ सगळे बाधित.

आक्काची ओळ मी परत परत वाचली. मग फोन करून विचारलं. चूक नाही. तिच्या रक्तात आणि लाळेत विषाणू ठासून भरलाय, आणि तिच्या शरीरानं त्याच्याविरुद्ध काहीच तयार केलेलं नाही. भांडणच नाही. दोघं गुण्यागोविंदानं नांदतात. अशी काही माकडं असतात. स्वतः आजारी पडत नाहीत, फक्त दुसऱ्यांना रोग वाटत राहतात.

म्हणजे प्रत्येक पिल्लू आम्ही बागवाल्यांच्या तावडीतून सोडवून तिच्या तोंडी दिलं.

११ फेब्रुवारी
सुभेदारांना सांगितलं. त्यांनी रिपोर्टाची घडी घालून माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, "बागवाल्यांना रोग कळला तर ते एकबी माकूड ठेवणार न्हाईत. हितली न्हाई आन रानातलीबी न्हाई. हे कागद तुमच्याजवळच राहू द्या."

मी म्हटलं, निदान आक्का वेगळी करू. त्यांनी मान हलवली. ती हो होती का नाही, मी विचारलं नाही. दुपारी तिला टोकाच्या पिंजऱ्यात नेलं. ओढाताणीत तिचा दात माझ्या बोटाला लागला.

१४ फेब्रुवारी
पिल्लं खात नाहीत. एक भिंतीकडं तोंड करून बसलंय. तपासणीत कोरं, म्हणजे विषाणूविना निघालेलं तेच एक. दिवसभर पलीकडून आक्काची हाक.

सांगलीला डॉक्टरांना बोट दाखवून आले. माणसाला यानं आजार झाल्याचं ऐकिवात नाही, काळजी करू नका, म्हणाले. मी अंबूबाईंना हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझा चहाचा कप आता वेगळ्या फळीवर असतो. मी सकाळी आरशात हिरड्या बघते.

१५ फेब्रुवारी
केरबांनी आक्काला परत पिल्लांत सोडलं. मला न विचारता. पिल्लं खायला लागली. कोरं होतं तेही — तिच्या ओठांतून.

केरबा म्हणाले, "उपाशी मारण्यापरीस बरं की, म्याडम."



१७ फेब्रुवारी
ठरवलं. कायमचं झोपवायचं इंजेक्शन भरलं. कुणाला सांगितलं नाही. पिंजऱ्यात गेले. आक्कानं मला पाहिलं आणि हात पुढं केला. रक्त द्यायला करते तसाच.

सुई तिच्या कातडीला टेकली होती.

नाही जमलं. औषध मातीत सोडलं. ती माझं बोट चाटत होती, मी काढून घेतलं नाही. का काढून घेतलं नाही —

१८ फेब्रुवारी
बातमी फुटली. अंबूबाई कुणाजवळ तरी बोलल्या असतील. गेटवर बागवाले. आरडाओरडा नाही, हीच भीती. एकानं शांतपणे विचारलं, पेटवायचं कुणी, तुमी का आमी?

सुभेदारांनी उद्यापर्यंत मुदत मागितली. मला म्हणाले, जंगलातलं माकूड जंगलात. साताऱ्याकडं, पाटणच्या वर. सगळीच.

मी ओरडले. तिथं निरोगी कळप आहेत. सगळ्या डोंगराला लागेल. ते म्हणाले, "मग हितंच जाळू का? तुमी सांगा, डॉक्टर. तुमी काल काय केलंत?"

त्यांना माहीत होतं.

१९ फेब्रुवारी
शिवजयंती. कचेऱ्या बंद. जंगलखात्याचा फोन वाजत राहतो, कुणी उचलत नाही. टेम्पो भरला. मीही चढले — वाटेत काहीतरी करता येईल म्हणून. आष्ट्यात मिरवणूक, लोकांनी हात हलवले. पुढं कराड. पुढं घाट. काही करता आलं नाही.

तीच तारीख. दुपार
टेम्पोच्या केबिनमध्ये बसून लिहितेय. पिंजरे उघडले. आजारी हलत नाहीत, उन्हात पडून आहेत. सुभेदार पाठ करून उभे. रडतायत बहुतेक.

कड्यावरून कळप उतरतोय. मोठा. चमकदार. पोटाला पिल्लं.

हॉर्न दाबला. दाबूनच धरला. ती पळत नाहीत — उलट जवळ — घाटातल्या गाड्या खायला टाकतात, यांना सवय —

पलीकडचं दार मोडकं, तारेनं बांधलेलं. हे उघडत नाही. केरबा बाहेरून टेकून उभे. बसा म्याडम, चावत्याल.

आक्का पुढं गेली. मांडी पसरून बसली. त्यांच्यातली एक आई आली शेजारी. आक्का तिच्या मानेतल्या उवा —

पिल्लू सुटलं. सरकतंय. केरबा, बाजूला व्हा — हुंगलं तिनं. उराशी घेतलं. ते तोंड वर करून तिच्या ओठांतलं —