ठाकुर्लीच्या दुकानापुढची लाल खूण

मंगळवार, संध्याकाळ

आज ठाण्याच्या ऑफिसात साहेबांसमोर बोलले. मी, साधी स्टॉक बघणारी. आमच्या औषधांच्या दुकानांपैकी कुठलं बंद करायचं ते हल्ली एआय सुचवतं. त्याने यादीत ठाकुर्लीच्या दुकानापुढे लाल खूण केलेली. विक्री घटली, बंद करा. साहेब सहीला तयार.

ती लाल खूण बघून राहवेना. तिथली संगीता रोज म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना घरी औषधं पोचवते, पण फोनवर येणाऱ्या त्या ऑर्डरींचं बिल कल्याणच्या दुकानात बनतं. मग विक्री कल्याणचीच दिसणार ना?

"साहेब, घरपोच ऑर्डरी ठाकुर्लीत धरून एआयला परत विचारूया," म्हटलं.

"तुम्हाला जमेल?"

"तीन महिने हे एआय वापरायला शिकतेय, साहेब."

माहिती मीच दुरुस्त केली, मीच परत विचारलं. लाल खूण गेली. साहेबांनी कागद सही न करता बाजूला ठेवला आणि म्हणाले, "यापुढे असा निर्णय घेताना तुम्ही बसा."

घरी येऊन संगीताला फोन केला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"ताई, नंतर बोलू का? एका आजींच्या जिन्यात आहे, तिसरा मजला आहे."

"चढ तू सावकाश," म्हटलं. सांगितलंच नाही काही. उद्या सांगेन.