एक मिनिट चाळीस सेकंद

वेलचेरी, चेन्नई
४ जून २०२५

तीर्थरूप आप्पांस,
सुष्मिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आई निरोप अर्धाच सांगते, म्हणून आता पत्रच.

आमच्या वृद्धाश्रमाचं नाव पोनमालै निवास, म्हणजे सोनेरी संध्याकाळ. चौदा आजी-आजोबा, एक मॅनेजर श्रीरंजनी मॅडम, एक सेविका हेमलता आणि एक गुणवत्ता अधिकारी, म्हणजे मी. नियमांची फाइल माझ्याकडे असते. त्यात एकशे बारा मुद्दे आहेत आणि मला ते सगळे मनापासून पटतात. प्रत्येक खाटेशी लाल बटण आहे. ते दाबलं की हेमलताच्या टेबलावर घंटा वाजते आणि ती किती वेळात पोचली ते वहीत लिहिते. दोन महिन्यांच्या नोंदींचा मी रंगीत आलेख केला. सरासरी एक मिनिट चाळीस सेकंद! मॅडमनी तो चौकट करून दारात लावलाय.

इथे माझं मराठी ऐकून घेणाऱ्या एकच, चार नंबरच्या त्रिपुरसुंदरी आजी. तंजावरच्या मराठी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, वय चौऱ्याऐंशी. एप्रिलमध्ये एकट्याच बाथरूमला जाताना पडल्या. पुन्हा पडल्या तर नियमाप्रमाणे खाटेला दोन्हीकडून कठडे लागतील आणि मग खाली उतरणं बंद. कठडे आत्ताच आणून भिंतीला टेकवून ठेवलेत. आजी सकाळी उठल्या की आधी त्यांच्याकडे बघतात.

जुलैअखेर मी कायम होईन. तोवर पेढे वाटू नका. आईला नमस्कार, तुमची माया इथवर पोचू द्या.

तुमची,
सुष्मिता

कोडोली
१२ जून

चि. अधिकारीबाई सुष्मितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. पेढे आईने वाटले, माझा इलाज नव्हता.

तुझा एक मिनिट चाळीस सेकंदांचा आकडा फार देखणा आहे. एकतीस वर्षं शाळेत शिपाई होतो, पंचवीस तरी तपासण्या पाहिल्या. इतका देखणा आकडा आमच्याकडे फक्त पटावरच्या हजेरीचा असायचा, आणि त्यासाठी शेजारच्या वस्तीतली पोरं आणून बसवावी लागायची.

मी मोठा शहाणा नाही. पण घंटा हा एकच विषय मला कळतो, माझे कान त्यातच गेले. म्हणून एवढंच विचारतो. दोन महिन्यांत ती घंटा तू स्वतः किती वेळा ऐकलीस?

आईने लसणाची चटणी पाठवली आहे. तिथल्या इडलीबरोबर खाऊन बघ. रागावू नकोस, आठवण ठेव.

तुझा,
आप्पा

वेलचेरी
२० जून

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

एकदाही नाही.

तुमचं पत्र वाचून उठले आणि चौदाही बटणं दाबून पाहिली. कुठेच काही वाजलं नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी तळमजल्यात कमरेइतकं पाणी शिरलं होतं, तेव्हाच वायरी कुजल्या. हेमलता रोज ड्यूटीवर आली की दिवसभराच्या वेळा एकदमच लिहून टाकते. मी चिडले तर म्हणाली, रकाना रिकामा ठेवला की रिकामा का म्हणून दुसरा फॉर्म येतो. चौदा माणसांना अंघोळी घालायच्या की फॉर्म भरायचे? बटण व्यर्थ आहे हे आजींना केव्हाच कळलं होतं, म्हणून तर त्या एकट्या उठल्या.

श्रीरंजनी मॅडमकडे गेले. त्यांनी शांतपणे फाइल उघडून दाखवली. बटण हाताच्या अंतरावर असावं, असा नियम आहे. ते वाजावं असं कुठेही लिहिलेलं नाही. तरी त्यांनी दुरुस्तीचा अर्ज मुख्य कार्यालयाला पाठवला होता म्हणे. तो परत आला. घंटा-सेवा उत्तम असल्याने दुरुस्तीची गरज दिसत नाही, असा शेरा आणि सोबत पुरावा म्हणून माझा आलेख जोडलेला. रंगीत.

आप्पा, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून वही मी स्वतः लिहिते आणि रोज एकच ओळ लिहिते, घंटा वाजली नाही. पण त्याने आजींचं काय होणार? तपासणी अकरा जुलैला आहे. काय करू ते सांगा.

तुमची,
सुष्मिता

कोडोली
२७ जून

चि. सुष्मितास,
अ. उ. आ.

सोबतच्या डब्यात भुसा आहे आणि भुशात घंटा. शाळेत विजेची घंटा आली तेव्हा हेडमास्तरांनी ही पितळी मुठीची मला दिली. आईने चिंचेने घासली आहे. ही वाजते. गावाला विचार.

कोणी हरकत घेईलच. आपल्या शाळेत एक कपाट गळक्या खोलीत हलवायचा हुकूम आला होता. मी त्यावर सरस्वतीचा फोटो ठेवला. अठरा वर्षं कोणी हात लावला नाही. बाकी तू पदवीधर आहेस.

जेवण सोडायचं नाही. जीव लावून राहा.

तुझा,
आप्पा

वेलचेरी
१४ जुलै

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

डबा पोचला त्याच दिवशी मॅडमनी घंटा अमान्य उपकरण ठरवली. मी फाइल घेऊन बसले. एक्क्याण्णवावा मुद्दा सापडला, रहिवाशाचं पूजासाहित्य उशाशी ठेवू द्यावं. लगेच आजींच्या फॉर्मवर लिहिलं, पितळी घंटा एक, पूजेसाठी. आठवड्यात आणखी सात जणांनी घरून पूजेच्या घंटा मागवल्या. त्यातले एक आजोबा जन्माचे नास्तिक आहेत.

अकराला तपासनीस नारायणस्वामी आले. दारातल्या आलेखापुढे थांबले, मान डोलावली. वातावरण शांत, असा शेरा लिहीत ते चार नंबरात शिरले आणि तेवढ्यात आजींनी तुमची घंटा हाणली. नारायणस्वामींनी घाईघाईने चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले. हेमलता धावत आली, पण तिच्या हातात आरतीचं ताट नव्हतं, वॉकर होता.

आजी बाथरूमहून येईतो ते तसेच अनवाणी उभे होते. मग त्यांनी विचारलं की दिवसातून किती वेळा पूजा होते. आजी म्हणाल्या, ते मी पाणी किती पिते त्यावर आहे.

नारायणस्वामींनी लाल बटण दाबलं आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. अकरा मिनिटं. मॅडमनी दोनदा कॉफी विचारली. मग त्यांनी वही मागितली. मी दिली. तीन आठवडे, एकच ओळ.

वायरी तीस दिवसांत बदला आणि दुसरी सेविका नेमा, असा हुकूम झाला. मला मात्र कायम केलेलं नाही, आणखी तीन महिने परीक्षेवर. कारण लिहिलंय, नोंदींत सातत्य नाही. पेढे परत मागू नका. रागावला नसाल तर तसं कळवा.

तुमची,
सुष्मिता

पोनमालै निवास
९ ऑगस्ट

सुष्मिताचे वडील श्री. मानाजीराव यांस,
तंजावरकर त्रिपुरसुंदरीचे अनेक आशीर्वाद.

आमची मराठी जुनी, तमिळ शेजारांत वाढलेली. चुका पोटांत घाला.

वायरी नव्या झाल्या. बटण दाबलें कीं वाजतें, आणि हेमलता नाहीं तर दुसरी मुलगी येते. तुमच्या लेकीनें खरी सरासरी काढली, चार मिनिटें. त्यावर मॅडम म्हणतात, सेवा ढासळली. पूर्वीची चौकट काढायची कीं नाहीं यावर मीटिंग आहे.

तुमची घंटा परत करावी म्हणून लेकीनें दोनदां विचारलें. मी देत नाहीं. चाळीस वर्षें एक्स्चेंजांत दुसऱ्यांच्या घंटा ऐकल्या, ही माझी आहे. तुम्ही वाजवली कीं शाळाभर पोरें बाहेर पळत. मी वाजवली कीं एक बाई आंत धांवते. मला तेवढें पोदुम, म्हणजे पुरे.

पुन्हां पडलें नाहीं. कठडे अजून भिंतीलाच टेकलेले आहेत, हेमलता त्यांवर टॉवेल वाळत घालते. सकाळीं उठलें कीं आधीं तेच बघतें. टॉवेल ओले असले कीं बरें वाटतें, कठडे अजून त्याच कामाला आहेत.

मुलीला रागावूं नका. चटणी मात्र पुन्हां पाठवा आणि ह्या म्हातारीवर माया ठेवा.

आपली,
त्रिपुरसुंदरी