काळी चिठ्ठी परत घेण्याबाबत

प्रति,
मा. सैन्यभरती अधिकारी,
भरती कचेरी, तालुका नोंग कादान.

विषय : मुलाची काळी चिठ्ठी परत घेऊन तांबडी देणे, व तिच्यावर मुलाऐवजी बापास दोन वर्षे सैन्यात घेणे.

संदर्भ : बुद्ध संवत २५६५, एप्रिलची भरतीची सोडत.

महोदय,

१. पुढील हकिकतीवर आपलाच काय, कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे अर्जदार छातीठोकपणे आधीच सांगून ठेवतो. अर्जदाराने चाळीस वर्षे म्हशींची दलाली केली. चौदा वर्षांची म्हैस सहा वर्षांची म्हणून विकली, आणि घेणारा वर पानसुपारी देऊन गेला. त्यामुळे गावात अर्जदाराने ‘पाऊस आला’ म्हटले तरी लोक आधी हात बाहेर काढून बघतात. तथापि हा एक मजकूर खरा आहे, आणि तो खरा असल्याचेच दुःख आहे.

२. अर्जदाराचा मुलगा चायरत, घरचे नाव ओत, हा सोडतीच्या वर्षी एकवीस वर्षांचा झाला. हंडीतून तांबडी चिठ्ठी निघाली तर दोन वर्षे बराक, काळी निघाली तर घर, हे आपणास अर्जदाराने सांगावे असे नव्हे. आपण त्या वर्षी येथे नव्हता म्हणून पुढचे सांगतो. त्या दिवशी पहाटे अर्जदार वेशीवरच्या गावराखणदार आजोबांच्या देवळीपुढे बसला. आमच्याकडे नवस बोलताना काय देणार ते आधी बोलतात : शंभर उकडलेली अंडी, डुकराचे मुंडके, नाचाचा एक फेर. लहान पोरेसुद्धा बोलतात. परंतु दलालाने आपला भाव आधी उघड करू नये, ही अर्जदाराची जन्माची खोड. तो म्हणाला, ‘आजोबा, पोराला काळी चिठ्ठी द्या, मग तुम्हाला हवं ते घ्या.’ देवाशी घासाघीस नंतर करू, असा त्याचा हिशेब होता.

त्यानंतर अर्जदार शाळेच्या मैदानात गेला. हंडीपासून चार हातांवर उभे राहून त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले : ओतने कोपरापर्यंत हात घातला, हंडी ढवळली, आणि चिठ्ठी वर आली ती डोमकावळ्यासारखी काळी. शेजारच्या तीन आया जागीच बेशुद्ध पडल्या. हा प्रसंग अर्जदाराने चहाच्या टपरीवर निदान दोनशे वेळा सांगितला आहे.

पत्नी साइबुआ हिने त्याच संध्याकाळी विचारले, ‘म्हाताऱ्या, आजोबांना काही कबूल केलंयस का? केलं असशील तर उद्याच देऊन टाक.’ अर्जदाराने सांगितले, ‘छे, नुसते हात जोडले.’ आजोबांनी काही मागितले नाही, अर्जदाराने काही विचारले नाही. असे सात महिने गेले.

३. नोव्हेंबरात ओतला जुलाब व ताप आला, तीन दिवसांत उतरला. चौथ्या सकाळी तो म्हणाला, पायाची बोटे आपली वाटत नाहीत. संध्याकाळी गुडघे गेले, दुसऱ्या दिवशी हात, आणि सहाव्या दिवशी छाती. एकोणतीस दिवस त्याच्या वाटचा श्वास यंत्राने घेतला. डॉक्टरीणबाई अर्जदारास म्हणाल्या, ‘काका, तापानंतर कधीकधी शरीर आपल्याच नसांवर उलटतं. पोर हळूहळू सुधारेल. यात कुणाचीही चूक नाही.’ अर्जदाराने मान डोलावली. चूक कोणाची ते बाईंना ठाऊक नव्हते, अर्जदारास होते.

४. आज सोळा महिने झाले. साइबुआ रोज तीन वेळा त्याचे हातपाय वाकवते, सोडवते. मुलगी दुआंग ही रायोंग शहरातल्या कारखान्यातली नोकरी सोडून आली. ती त्याला स्वतःच्या हाताने चिकटभाताचा गोळा करायला लावते. अर्धा भात खाली सांडतो. दुआंग म्हणते, ‘सांड रे, सांड! आपल्या कोंबड्या एवढ्या माजल्यात की आता त्यांनाच चालता येत नाही.’ ओत हसतो. हसताना आता तोंड दोन्हीकडून सारखे वर जाते, ही सप्टेंबरपासूनची कमाई आहे.

अर्जदाराने अंगणात बांबूचे दोन कठडे रोवले आहेत. ओत ते धरून उभा राहतो, पण सोडत नाही. व्यायाम शिकवणारे मास्तर दर पंधरवड्याला येतात व म्हणतात, ‘पायांत ताकद आलीय रे, सोड आता.’ ओत सोडतो म्हणतो आणि बोटे अधिकच आवळतो. चार महिने येथेच अडले आहे. मास्तरांच्या मते ही निव्वळ भीती आहे. अर्जदाराच्या मते ते पाय गहाण पडले आहेत.

संध्याकाळी पायांना तेल लावण्याची पाळी अर्जदाराची. पाय मांडीवर घेतला की त्यास मुलाच्या तोंडाकडे बघवत नाही. ओत बापास ‘पो’ म्हणतो; तो विचारतो, ‘पो, एवढा गप्प का? एखादी म्हशीची थाप मार की!’ जन्मात प्रथमच अर्जदारास थाप सुचत नाही.

५. अर्जदार हातावर हात ठेवून बसला असे नाही. त्याने घरी काही न सांगता आजोबांस तीनशे अंडी वाहिली. नाचणाऱ्या बाया मिळेनात म्हणून डोक्याला फुले खोवून देवळीपुढे स्वतः एकवीस फेर नाचला. बघणाऱ्यांत एक बदक होते, तेही मध्येच उठून गेले. पडदा लावून, खुर्च्या मांडून आजोबांसाठी सिनेमा लावला. रिकाम्या खुर्च्यांमागे हात बांधून तो शेवटपर्यंत उभा राहिला. ओतच्या पायात फरक पडला नाही.

अखेर देवळीच्या म्हाताऱ्या पुजाऱ्यास खरे सांगितले. त्याने कपाळावर हात मारला. ‘अरे बुनलेर्त, बैलबाजारातलं शेंबडं पोरसुद्धा असा सौदा करणार नाही! भाव न ठरवता माल उचललास? आता तो माल परत कर. मग आजोबा घेतलेलं सोडतील.’ माल म्हणजे ती काळी चिठ्ठी. ती आपल्या कचेरीत आहे. म्हणून हा अर्ज.

६. सबब विनंती की, काळी चिठ्ठी रद्द करून ओतच्या नावे तांबडी द्यावी. तांबड्या चिठ्ठ्या शिल्लक नसल्यास कागद अर्जदार घेऊन येईल. ओत कवायत करू शकत नसल्याने त्याच्या जागी बापास घ्यावे. वय चौसष्ट. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण नेम धरताना एक डोळा मिटावाच लागतो. दात पाहून कोणत्याही शिपायाचे खरे वय सांगेल. घोरणे असे की शत्रूस येथे रणगाडा असल्याचा भास व्हावा. बंदूक देणे शक्य नसल्यास झाडू द्यावा, तोही नसल्यास ओझ्याचे खेचर म्हणून नोंद करावी. दोन वर्षांच्या ठिकाणी चार, अथवा मरेपर्यंत, अर्जदाराची हरकत नाही. फक्त आदेश लवकर काढावा. मुलगा कठडा सोडेल त्या दिवशी अर्जदार अंगणात नसला तरी चालेल.

७. अर्जावर गावप्रमुखांचा शिक्का लागतो, आणि ज्याची चिठ्ठी त्यास तो वाचून दाखवावा लागतो असे समजते. एवढे टाळता आले तर उपकार होतील. हे त्यास बापाच्या तोंडून सांगण्याची सोळा महिन्यांत हिंमत झाली नाही.

बोलावणे येताच हजर होणारा आपला नम्र,
बुनलेर्त सीखाम
दि. ४ मार्च २५६७

सोबत : रुग्णालयाचा दाखला, पुजाऱ्याचा अंगठा असलेला जबाब, अर्जदाराचे उभे छायाचित्र, कवायतीच्या पवित्र्यात.

गावप्रमुखाचा शेरा : टाळता येत नाही. सबब अर्ज सदर चायरत यास अंगणात, आईबहिणीसमक्ष, मोठ्याने वाचून दाखविला. अर्जदार गोठ्याआड उभा होता. नियमाप्रमाणे येथे ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ असे लिहून अंगठा घ्यावयाचा. परंतु सदर इसम मोठ्याने जे बोलला ते जसेच्या तसे लिहीत आहे :

‘बरोबर नाही, काका. साफ खोटं आहे. पो, गोठ्यामागून बाहेर ये! तू मैदानात आलाच नव्हतास. आजोबांपुढं हात जोडलेस आणि तिथंच चिंचेखाली घोरत पडलास, दुपारी मीच उठवलं तुला. मी नुसतं ‘सुटलो’ म्हटलं. हंडी, कावळा, बेशुद्ध बाया, हे सगळं तू घरी येईस्तोवर रचलंस, आणि थाप झकास होती म्हणून मीही गप्प बसलो. त्या वर्षी स्वखुशीनं सैन्यात जाणारी पोरंच पुरेशी निघाली. सोडत झालीच नाही. हंडीत कुणी हात घातला नाही. मला काळी चिठ्ठी मिळाली नाही, तांबडी नाही, कसलीच नाही. आजोबांनी तुला काही दिलंच नाही रे, पो. मग ते घेतील कशाबद्दल?’