कपड्यात गुंडाळलेला खिळा

अप्पा, आपल्या घरात पुन्हा खिळे वाकू लागले आहेत. तुमची नात वाकवते. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. आता बारावीला आहे आणि खांद्यांची ठेवण तिने थेट तुमची घेतली आहे. मागच्या दिवाळीनंतर एका दुपारी मी कॉलेजात शिकवून घरी आले तर ही स्वयंपाकघराच्या दारात बसलेली, हातरुमालाची एक घडी धरून काळा खिळा वाकवायला पाहत होती. दात आवळलेले, तोंड खिळ्याच्या अगदी वर. मोबाइलवर कुणाचं तरी पाहून. तो सिमेंटच्या भिंतीत ठोकायचा कडक खिळा होता. मी दारातूनच ओरडले, "ठेव तो खाली आधी! तो वाकत नसतो, तुटतो. तुकडा डोळ्यात गेला म्हणजे?" तिने खिळा ठेवला आणि विचारलं, "मम्मी, तुला काय माहीत?" मी चहा ठेवायला आत गेले. एवढ्या वर्षांत मी तिला तुमच्याबद्दल पुष्कळ सांगितलं होतं, हेच तेवढं नव्हतं.

तुम्ही टेलिफोन ऑफिसात लाइनमन. नवी डिरेक्टरी आली की जुन्यांचे गठ्ठे रद्दीत निघत आणि त्यातल्या काही तुम्ही सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचात. तेव्हा आपला जिल्हा परभणीच. परभणीची डिरेक्टरी बारीक, ती शिकण्यासाठी. औरंगाबादची जाड, ती चौदा एप्रिलच्या जयंतीत लोकांपुढे फाडण्यासाठी राखलेली. आईला हा प्रकार मुळीच आवडत नसे. आपल्या घरात छापील कागद पायाखाली आला तरी ती रागवायची. चुलीपुढून म्हणायची, "शिका म्हनून सांगितलंय आपल्याला, फाडा म्हनून न्हाई." तुम्ही डिरेक्टरी उघडून तिच्यापुढे धरायचात. "शिकन्यासारखं काय हाये यात, दाखव. निस्ती नावं आन् नंबर. आपल्या वस्तीतलं एक तरी नाव सापडतं का बघ." सापडायचं नाही. ती पुन्हा चुलीकडे वळायची, आणि मग तुम्ही फाडायचात.

मला शिकवताना तुम्ही कसलीच घाई केली नाहीत. मी अंगणात बसले आहे, तुम्ही माझ्या हातात आधी नुसती जाड तार देता. "जे नक्की वाकंल तेच आधी घ्यायचं, माय. हाताला भरवसा येऊ दे." मग लांब, साधा लोखंडी खिळा. लांब सोपा आणि आखूड अवघड, हे मला तेव्हा उलटंच वाटायचं. दोन्ही टोकांना जाड कॅनव्हासचे वेगवेगळे तुकडे, टोकदार बाजूला जास्त वेढे, अणी तळव्यापर्यंत पोचता कामा नये. हात छातीपुढे, तोंडापासून लांब. मनगट सरळ. दंड भरून आले तर चालेल, पण मनगटात कळ आली की तिथेच सोडायचं आणि चार दिवस खिळ्याकडे बघायचंसुद्धा नाही. डिरेक्टरीशी एकदम भांडायचं नाही; ती वाकवून पानांच्या कडा पायऱ्यांसारख्या सरकू द्यायच्या, मग थोडी थोडी पानं सुटतात. अंगठ्याच्या बेचक्यात चिकटपट्टी लावायची. "कागद लई हलकट. खिळ्यापरीस जास्त कापतो," तुम्ही म्हणायचात. माझा पहिला खिळा वाकला तेव्हा मी तो दचकून टाकला, कारण वाकताना तापून तो गरम लागला. तुम्ही किती हसलात. तो उचलून तुम्ही गालाला लावलात आणि आईला हाक मारलीत. पण माझं वाकवणं अंगणापुरतंच राहिलं. जयंतीला मुली स्वागतगीत म्हणत. मीही म्हटलं.

कुरुंद्याच्या पलीकडच्या आपल्या गावात जयंती येते ती हळदीच्या हंगामात. हळद शिजवून, वाळवून, चोळून सगळ्यांचे तळवे पिवळे असतात. विहारासमोर लेझीम झालं की तुम्ही उभे राहायचात आणि वाकवलेला खिळा लोकांत फिरवला जायचा. प्रत्येक जण त्याची ऊब बघून पुढच्याला द्यायचा. परत येईपर्यंत खिळा थंड आणि पिवळा झालेला असे. त्या वर्षी शेजारच्या गावाहून पाहुणे आले होते. तुम्ही नेहमीप्रमाणे खिळा आधी लोकांना तपासायला दिलात, कॅनव्हास गुंडाळू लागलात, आणि पुढून कुणीतरी म्हणालं, "कपडा काढा की! कपड्यात काय हाये ते दिसू द्या!" दुसरा म्हणाला, "शिशाचा असंल." तुम्ही म्हणालात, "कपड्याबिगर हे करायचं नसतं." त्यावर आवाज आला, "मंग घरीच वाकवा, लेकीपुढं!" सगळे हसले. ओरडणारे परके नव्हते, अप्पा. परके असते तर मला समजून घेणं सोपं गेलं असतं. आपलेच होते, लेझीम खेळणारे, सकाळी आपल्या घरी खीर खाऊन गेलेले. पाहुण्यांपुढे त्यांना तुम्ही आणखी मोठे दिसायला हवे होतात. तुम्हीही हसलात. कॅनव्हासचे तुकडे माझ्याकडे टाकलेत. खिळा अर्ध्यावर आला तेव्हा त्याची अणी अंगठ्याच्या मुळाशी घुसली. तुम्ही सोडला नाहीत. पूर्ण वाकवला, आणि रक्त लागलेला तसाच पुढे दिलात. लोक टाळ्या वाजवत होते.

आतली शीर तुटली होती, असं नांदेडच्या डॉक्टरने सांगितलं. अंगठा पुन्हा मिटला नाही. खांबावर चढायचं काम गेलं आणि ऑफिसात बसून तक्रारी ऐकायचं आलं; दिवसभर लोक, लाइन का बंद म्हणून, तुमच्यावर खेकसायचे, आणि घरी येऊन तुम्ही दिवसेंदिवस कमी बोलायचात. भाकरीचा तुकडा मोडायला तुम्हाला दोन्ही हात लागायचे. कॅनव्हासच्या तुकड्यांनी आई चुलीवरचं भगुनं उतरवू लागली. एकदाच मी विचारलं, "अप्पा, काहून काढला तुमी कपडा?" तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात, "मान्सं म्हनत होती ना."

हे वाक्य मी पुढे पुष्कळदा डायरीत लिहिलं आणि प्रत्येक वेळी तुमच्या बाजूने त्याचा अर्थ लावला. की इतकी माणसं, तीही आपली, एकदम मागतात तेव्हा नाही म्हणणं शक्यच नसतं. ते शक्य असूनही तुम्ही नकार दिला नाहीत असं मानलं असतं, तर मला तुमच्यावर रागवावं लागलं असतं.

नातीला मी आधी बंदी केली. मग वाटलं, ही बंद दाराआड करील, तेही एका हातरुमालावर. म्हणून तार आणली. जुन्या दप्तराचा कॅनव्हास कापला. डिरेक्टऱ्या आता कुठे मिळतात. कॉलेजातल्या जुन्या माहितीपुस्तिका आणून दिल्या, त्याही आधी बारीक, मग जाड. तुमची वाक्यं माझ्या तोंडून निघत होती. ती मनगट वाकवी आणि मी ते सरळ करी, आणि मला बरं वाटत होतं, हेही खरं. ही बातमी गावापर्यंत पोचून तिला जयंतीला खिळा वाकवायला बोलावणं आलं तेव्हा मात्र तिला तुमच्या अंगठ्याची हकिगत सांगावी लागली. ऐकून ती म्हणाली, "मग नाही म्हणायचं ना आजोबांनी." मी म्हणाले, "एवढं सोपं नसतं ते." "काहून?" तिने विचारलं. तिच्या मैत्रिणींशी ती असं गावाकडचं बोलत नाही, मला चिडवायला बोलते. मी फक्त तिच्याकडून कपडा न काढण्याचं वचन घेतलं, आणि त्या वचनावर माझा विश्वास नव्हता.

यंदाच्या जयंतीला ती पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये उभी राहिली. मी बायकांत बसले होते, हात मांडीखाली दाबून. तिने कॅनव्हास गुंडाळला आणि मोबाइल उंच धरलेल्या एका पोराने सुरू केलं, "ताई, कपडा काढून कर ना! व्हिडिओत काहीच दिसून नाही राहिलं!" मग चार जण. मग मागच्या रांगा. "कपडा काढा! कपडा काढा!" माइक मागून घेऊन ती मागच्या रांगेतल्या एकाकडे वळली. "काका, तुमी बाभळीच्या काट्यात चपलेबिगर जाता का?" थोडं हसू झालं. "जात असाल तर या, हा घ्या खिळा." कुणी आलं नाही. तिने कपड्यातच खिळा वाकवला, लोकांत दिला आणि खाली उतरली. टाळ्या तुरळक पडल्या. माझ्या मागची एक जण म्हणाली, "कपडा होता म्हनून जमलं बाई." खिळा दोन रांगाही फिरला नाही. ती येऊन माझ्याशेजारी बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "भूक लागली." तळवे मी उलटून पालटून पाहिले. लाल झाले होते, बाकी काही नव्हतं.

एवढंच होतं, अप्पा. तुरळक टाळ्या आणि मागे एक कुजबुज. माइकवर एक वाक्य. तेवढं टाळण्यासाठी तुमचा अंगठा गेला, तुमचे खांब गेले, आणि शेवटी शेवटी तुमचं बोलणंही गेलं. घरी येताना ती गाडीत झोपली आणि मी पहिल्यांदा तुमच्यावर रागावले. तुम्ही जिवंत असताना मला हे कधी तोंडावर म्हणता आलं नसतं, आणि लिहिलं असतं तरी ते तुमच्या उशाशी ठेवायचं धाडस झालं नसतं. हे पानही डायरीतच राहील.

पण राग पूर्ण टिकला नाही, त्याचं कारण मला माहीत आहे. सगळे "कपडा काढा" ओरडत होते आणि ती माइककडे हात करत होती, तेव्हा अगदी थोडा वेळ, हात मांडीखाली दाबलेले असताना, मलाही वाटलं होतं, काढावा तिने.