ओलं फडकं

३ डिसेंबर
आले बाई एकदाची! रत्नागिरीच्या कला महाविद्यालयात तीन महिने स्वतःचा स्टुडिओ, तोही फुकट. स्थानिक नवोदितांसाठीची रेसिडेन्सी म्हणतात याला. गावी, पालीत सांगितलं तर शेजाऱ्यांना वाटलं, करुणाला नोकरीच लागली. उत्तरेला मोठी खिडकी, मातीची पिंपं, फिरता स्टँड, आणि कुलपाची किल्ली फक्त माझ्याकडे. शेजारच्या स्टुडिओत मनस्विनी आहे, आंबा बागायतदारांची लेक. चित्रं काढते, गोड बोलते. आईने सुक्या बांगड्यांचा डबा दिलाय. वास सुटेल म्हणून तो पिशवीत पिशवी घालून वसतिगृहाच्या खोलीत खाटेखाली ढकलला.

५ डिसेंबर
आईचा अर्धपुतळा करायला घेतला, मांडीवर जुळवलेल्या हातांसकट. इथे शिल्पकला शिकवणाऱ्या दत्तात्रेय सरांनी पहिल्याच दिवशी बजावलंय: मातीला हात लावलात की तिची जबाबदारी तुमची. रोज संध्याकाळी ओलं फडकं गुंडाळायचं, नाहीतर ती तडकते. चेहरा फोटोवरून छान उतरला, हात मात्र लाकडी झालेत. सर म्हणाले, माणूस समोर बसवा. आईला फोन केला. ‘करुणे, माजा पुतळा?’ म्हणून ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना. काजूच्या कारखान्यात रजा टाकून येते म्हणाली.

९ डिसेंबर
आज आई आली, आणि नेमकी त्याच वेळी मुंबईची पाहुणी मंडळी स्टुडिओ बघायला आली. आई स्टुलावर बसली होती. काजू फोडून फोडून चिकाने काळी पडलेली तिची बोटं सगळे निरखत होते. मनस्विनीने विचारलं, या कोण? मी म्हटलं, मॉडेल आहेत, पालीच्या बाजारातून आणलंय. का म्हटलं? कोणी गळा धरला होता माझा? आईने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग तीच पाहुण्यांना म्हणाली की होय, या बाईंनी बसायला बोलावलंय. एस.टी.त चढेपर्यंत ती मला ‘बाई’ म्हणत राहिली आणि मी तिला थांबवलं नाही, कारण मनस्विनी सोबत होती. लाज वाटते. लिहितानाही कान तापलेत.

१० डिसेंबर
माफी मागायला फोन केला. आईने विचारलं, कोण बाई बोलताय? रागावलीय, दुसरं काय. राग ओसरला की स्वतःच फोन करून जेवलीस का विचारते. फडकं सोडलं तर पुतळ्याचे डोळे मिटलेले. मी ते उघडे केले होते, नक्की. मनस्विनीचा चावटपणा समजून तिला नाही नाही ते बोलले. ती रडवेली झाली. किल्ली तर माझ्याकडेच होती.

१२ डिसेंबर
सकाळी कुलूप काढलं तर आत स्टुलावर आई. बंद खोलीत कशी आली, हेही मला सुचलं नाही. पाय धरायला धावले. तिने पाय मागे घेतले आणि विचारलं, बाई, हात कसे ठेवू? मी आई म्हटलं तर तिने मागे वळून पाहिलं, मी कोणाला हाक मारतेय ते. केतनला, धाकट्या भावाला, फोन लावला. तो म्हणाला, आई घरीच आहे, तांदूळ निवडतेय. अरे, मी तुझी ताई, म्हटलं. ‘मला ताई न्हाय. आमी दोघंच.’ मागून आईने विचारलं, कोण रे? तो म्हणाला, कोणीतरी चुकून लावलाय.
मी जे बोलले तेच खरं झालंय. स्टुलावर आहे ती नुसती मॉडेल. आणि घरी आहे ती माझी आई नाही.

१३ डिसेंबर
ती आजही आली. हलत नाही, पाणी मागत नाही. मी मातीवर आईचं नाक करते, बोटं उचलली की ते माझं झालेलं असतं. मनस्विनी डोकावली. माझ्याकडे बघून तिने स्टुलावरच्या बाईला विचारलं, करुणा कुठे गेली?
माझ्या ओठाला तडा गेलाय. रक्त नाही. आत माती —

१४ डिसेंबर
पाणी लावलं की बरं वाटतं. गालावर बोट दाबलं, खड्डा तसाच राहिला —
बांगड्यांचा डबा काढला. दार सताड उघडं टाकून खाल्ला. वास येऊ दे सगळ्यांना. कोणी आलं नाही.

१५ डिसेंबर
सगळे आले होते. ही माझी आई, काजू कारखान्यात काम करते, मीच खोटं — आवाज फुटेना. सर माझ्याकडे बघून तिला म्हणाले, पुतळा चांगला झालाय, ओला ठेवा —

संध्याकाळ. ती उठली. बादलीत फडकं पिळतेय. काळी बोटं. किती हलका हात — तापात कपाळावर अशीच घडी ठेवायची —
हलू नका बाई, म्हणते —
आई, करुणे म्हण ना. एकदाच. करु