जात्याच्या समोरच्या बाजूले

आर्णी

पंचफुलाच्या मायले डोमाजीचा जयभीम.

मी सुखरूप पोचलो. घोर करू नको, आपली पोरगी दोन घास खाऊन राह्यली. तिचं तान्हं लेकरू गेल्यापासून तिले राग आवरत नाही, हे खरं हाय. परवा सासूवर तांब्या फेकला. लागला नाही.

वस्तीतल्या बायांनी एक रीत काढली. दुपारी येतात, तिले जात्यावर बसवतात अन् समोरून एकजण खुटा धरते. दळता दळता ती रडो, शिव्या देवो, कोणी हटकत नाही. मी म्हटलं, गिरणी असून हे कायचे नखरे? त्यायनं मलेच बाहेर बसवलं.

काल सासू समोर बसली. पंचफुला तिले लय बोलली, पण खुटा दोघींनीबी सोडला नाही. मंग दोघी रडल्या.

आज बाया वावरात गेल्या, म्हणून समोर मी बसलो. पोरगी म्हणे, "बाबा, तुमी लय घाई करता. मायले बोलवा."

शेळी व्याली काय? नसंल तरी तिले शेजारी पाहतीन. तू मिळंल त्या मोटारीनं ये. तोवर मी ज्वारी निवडून ठेवतो, सावकाश.

तुही वाट पाहणारा,
डोमाजी