दोन घोट पेज

माय, तुझी म्हातारी कुत्री तू पाजलेल्या पेजेनं मेली नव्हती. एवढं एकच वाक्य तुला सांगायचं होतं, आणि तू होतीस तोवर ते माझ्याच्यानं सांगून झालं नाही. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर कागद पुढ्यात घेऊन शूर झालोय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पोंभुर्ण्याकडच्या जंगलात जनावरांचा डॉक्टर म्हणून माझी पहिली नेमणूक, दवाखान्यामागे दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि बाबा गेल्यावर तू गावाहून आलीस ती एक ट्रंक आणि बाबांची कुत्री घेऊन. बारा वर्षांची, दात झिजलेली. तिच्या पोटाखालची लिंबाएवढी गाठ वर्षभरात बेलफळाएवढी झाली, चालताना जमिनीला घासायला लागली, माश्या बसायला लागल्या. तू रोज तिथे हळद भरायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. "इतका शिकला तू बाबू, दुनियेच्या बैलायले बरं करते. हिची गाठ नाई काढता येत का तुले?" खरं तर कुत्र्याला भूल मी कॉलेजात दोनदाच दिली होती, तीही सरांचा हात माझ्या हातावर असताना. हे तुला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

शेवटी गाठ काढायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी मी बजावलं होतं, हिला काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही; भुलेत पोटातलं वर येऊन श्वासनळीत अडकतं. पण आपल्या घरातून उपाशी पोटी कोणी बाहेर पडत नसे. बाबा तालुक्याला निघाले की आधी पेज, मी परीक्षेला निघालो की आधी पेज. सकाळी मी अवजारं उकळायला गेलो, तेवढ्यात तू तिलाही पाजलीस.

टेबलावर ती शहाण्यासारखी आडवी झाली. दवाखान्यातल्या मदतनीस ड्रेसरभाऊंनी पाय धरला होता. बैलांचा डॉक्टर कुत्रीचं काय करतो ते बघायला खिडकीत चारपाच माणसं जमली होती. सरांचं सांगणं मला तोंडपाठ होतं: म्हाताऱ्या जनावराला आधी अर्धीच भूल द्यायची, मग थांबायचं, श्वास बघायचा, मग अगदी थोडी थोडी. मी तिच्या वजनाप्रमाणे सिरिंज भरून घेतली होती, लोक बघत होते, आणि मी थांबलो नाही. "साहेब, दमानं घ्या, म्हातारी हाये ते," ड्रेसरभाऊ म्हणाले. "मला माहीत आहे," मी म्हणालो आणि सिरिंज रिकामी केली. तिची छाती हलायची थांबली. मी जीभ बाहेर ओढतो, बरगड्या दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो, आणि त्या दाबण्यानं तिच्या तोंडातून पांढरी पेज बाहेर येते. श्वास आधी गेला होता, माय. पेज नंतर आली. हे मला ठाऊक होतं आणि ड्रेसरभाऊंना.

तू दारात आलीस. "काऊन रे, उठत नाई का ते?" माझ्यासमोर ती पेज होती. "तुले सांगितलं होतं ना, काही देऊ नको म्हणून," मी ओरडलो. "काय पाजलं हिले?" तू पदर तोंडाशी नेलास. "दोन घोट पेज देल्ली बाबू. उपाशी होती ना." ड्रेसरभाऊ भिंतीकडे बघत टेबल पुसत राहिले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

तू चिडली असतीस तर सोपं झालं असतं. तू विचारायला लागलीस. शेजारणीचं वासरू दारात आलं तरी, "याले कोंडा देऊ का बाबू? चालते ना?" मी फिरतीवर निघालो की पेज चुलीवर, आणि तू बाजूला नुसती उभी. घे म्हणत नव्हतीस. त्या दोन खोल्यांत माझा जीव गुदमरायचा. मी बदली मागून घेतली. तूही सोबत आलीस, आणि तुझं विचारणंही आलं.

पुढे चंद्रपूरला तुझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तू हात जोडून म्हणालीस, "कालपासून पाणी नाई घेतलं भाऊ मी. थुंका बी गिळला नाई. पोरगा डॉक्टर हाये माहा, त्याले पुसा." ते हसले. तू माझ्याकडे बघत राहिलीस. तेव्हा सांगता आलं असतं, एका श्वासात सांगून झालं असतं. "बरं केलं माय," मी म्हणालो. तू बरी होऊन घरी आलीस आणि आणखी सहा वर्षं जगलीस. सहा वर्षं आपण समोरासमोर बसून जेवलो.

अजूनही म्हातारं कुत्रं टेबलावर आलं की मी अर्धी भूल देऊन थांबतो. लोक म्हणतात, डॉक्टरांचं काम फार सावकाश. सकाळी मी काही न खाताच घराबाहेर पडतो, आणि बायकोला वाटतं मला पित्त आहे. लिहून काढलं की सुटेन असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. खरं सांगू, तू असतीस तर हे पत्र मी लिहिलंच नसतं. आत्ता सैपाकघरातून तू "काही देऊ का रे, चालते ना?" म्हणून विचारलं असतंस, तर मी हा कागद पालथा घातला असता आणि "नको" म्हणालो असतो.